पाणताऱ्याचं निळं

६ मे

धाकट्या,

आशीर्वाद, खुशाली वगैरे पोचलं असं समज. कामाचं आधी लिहिते, कारण तू पत्राचं पहिलं पान वाचतोस आणि दुसरं चहाच्या कपाखाली जातं, हे मला वहिनीने केव्हाच सांगितलंय.

मी ऑगस्टमध्ये येते आहे, चांगली पंधरा दिवस. रजा मागितली आणि मालकांनी एका शब्दात दिली. एका शब्दात मिळालेल्या रजेचा आनंद मानायचा नसतो हे मला कळतं. पुढच्या वर्षापासून कारखान्यात छापील चित्रं येणार आहेत. पाण्यात भिजवायची, बशीवर चिकटवायची, की झालं. रंगकाम खात्यात एके काळी बसायला जागा नसायची. आता मी आहे आणि बाकी रिकाम्या खुर्च्या.

पण जाता जाता एक मोठी मागणी आली आहे. एका हॉटेलाला जेवणाचा पूर्ण संच हवाय, हाताने रंगवलेला, आणि त्यांनी नमुन्यांच्या कपाटातून नेमका माझा पाणतारा निवडला. इतकी वर्षं मी तो आठवणीतूनच रंगवत आले. शेवटचा संच तरी खऱ्या फुलासमोर बसून रंगवावा असं मनात आलं. तुला हसू येईल. आमच्या कामात निळं रंगवताना निळं दिसतच नाही. कच्चा रंग करडा असतो, राखेसारखा. कुंचल्यावर किती घेतला, बशीवर किती टेकवला, त्यावर पुढचं निळं ठरतं. पातळ लागला तर आभाळ, जाड लागला तर शाई. भट्टीतून बाहेर येईपर्यंत सगळा विश्वासाचा मामला. म्हणून मला ते खरं निळं एकदा डोळ्यांत भरून आणायचं आहे.

रस्ता वळतो त्याच्या वरचा आपला पाणताऱ्यांचा पाझर अजून तसाच ओला असतो ना? आई आपल्याला तिथे अनवाणी जायला लावायची, चपला चिखल खातो म्हणून. आणि हिवाळ्यात वर नुसता वाळका पाचोळा दिसला की म्हणायची, उपटू नका रे, पाणताऱ्याला मेल्याचं सोंग घ्यायची सवय आहे, खाली मूळ जागं आहे.

अक्षर मोठं आलंय, नवीन पेनाचा दोष. वहिनीला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

तुझी ताई


२१ मे

तीर्थरूप ताई,

साष्टांग घालायला कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. दोन्ही पानं वाचली. तुझी वहिनी समोर बसली होती, इलाज नव्हता.

तू येणार म्हणजे आनंदच आहे. पण यंदा ऑगस्ट जरा अडचणीचा आहे बघ. मागच्या खोलीचं छप्पर गळतंय, ते काढून नवीन घालायचंय. शिवाय मला रस्तेखात्याकडून पत्र आलंय, दसऱ्याआधी सगळ्या वळणांचे कठडे दुरुस्त झाले पाहिजेत. माझ्या टोळीत निम्मे गडी नवीन आहेत, त्यांना फावडं कुठल्या बाजूने धरायचं इथून शिकवावं लागतं. मुकादमाला घरी जेवायला फुरसत नाही, तर तुला घेऊन फिरणार कोण?

मी म्हणतो पुढच्या वर्षी निवांत ये. फुलं काय, कुठे पळून जातात. फारच नड असेल तर दोन-चार खुडून पार्सलने पाठवतो. समोर ठेव आणि रंगव.

तुझ्या त्या खुर्च्यांचं वाचून वाईट वाटलं. पण तुझ्यासारखा हात कोणाचा नाही हे मालकांना पण ठाऊक असणार.

तुझा धाकटा


२ जून

धाकट्या,

पुढच्या वर्षी तो संचही नसेल आणि मीही कारखान्यात नसेन. मागची खोली गळते तर मी स्वयंपाकघरात झोपेन. तू लहानपणी तापाने फणफणायचास तेव्हा मी तिथेच चुलीपुढे तुला मांडीवर घेऊन बसायची, तेव्हा कोणतं छप्पर धड होतं?

आणि मला घेऊन फिरायला कोण हवंय? पाझर घरापासून हाकेच्या अंतरावर. मी डोळे मिटून जाईन.

फुलं खुडून पाठवायची भाषा मात्र नको. वाळलेल्या पाणताऱ्याचा निळा टिकत नाही, चहात पडल्यासारखा होतो. मला ओल्या चिखलात उभं असलेलं फूल हवंय. इतकं सोपं मागणं आहे, त्यावर तू टोळीचं रामायण सांगत बसलास.

तारीख कळव, मी गाडीचं बघते.

ताई


२० जून

तीर्थरूप ताई,

रागावू नकोस. तारीख कळवणारच होतो, पण वरची बस बंद झाली आहे. खालच्या टप्प्याला दरड आली, रस्ता ऑक्टोबरपर्यंत मोकळा होईल असं वाटत नाही. मीच मुकादम, माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? चालत यायचं म्हटलं तर या वयात तुला झेपायचं नाही, आणि तुला झेपलं तरी मला बघवायचं नाही.

वहिनीची बहीणही आजारी आहे, तिला तिकडे जावं लागेलसं दिसतंय. घरात मी एकटा. तुला माहीतच आहे मी काय शिजवतो ते.

तेव्हा यंदा राहू दे. माझं ऐक.

तुझा धाकटा


१ जुलै

धाकट्या,

काल कामावरून सुटल्यावर बस आगारात गेले. खिडकीमागच्या माणसाला विचारलं, वरची बस कधी सुरू होणार? तो म्हणाला, बाई, बंद कधी होती? सकाळ-संध्याकाळ जाते. मी म्हटलं, दरड? तो म्हणाला, कसली दरड? मागे रांगेतले लोक हसले. मी तिथून निघाले आणि एक थांबा आधीच उतरून चालत घरी आले, कारण बसमध्ये रडणं बरं दिसत नाही.

मला येऊ नको म्हणायचं असेल तर तसं लिही. त्यासाठी रस्ता कशाला पाडतोस? छप्पर पाडलंस, रस्ता पाडलास, वहिनीच्या बहिणीला आजारी पाडलंस. आता राहिलं कोण?

मी हिशोब काढणारी नाही, पण आज मन भरून आलंय म्हणून लिहिते. आई गेली तेव्हा तुझे दुधाचे दात पडायचे होते. त्या घरात मी तुझ्यासाठी थांबले. तू कामाला लागलास, तुझं लग्न झालं, तेव्हाच मी पेटी उचलून शहरात आले. मला कोणी हाकललं नव्हतं. एका घरात दोन चुली नकोत हे मी आपणहून ओळखलं. त्या घरावर मला हक्क नको आहे. मी पंधरा दिवस मागितले, तेही फुलासाठी.

असो. नाही येत. वहिनीला म्हणावं, बहीण बरी झाली असेल तर तिलाही माझा नमस्कार.

ताई


१४ ऑगस्ट

तीर्थरूप ताई,

दीड महिना पत्र घातलं नाही. तू लिहिलंस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही, फक्त एक सोडून. तू नको आहेस असं या घरात कोणाच्याही मनात आलेलं नाही, येणार नाही. बाकी भेटीत बोलू. कागदावर मला जमत नाही.

सोबत डबी पाठवतो आहे. पाणतारे. तू नको म्हणाली होतीस, तरी पाठवतो. सावलीत, कागदात, वर वजन ठेवून वाळवलेत, त्यामुळे रंग गेला नाही असं मला वाटतं. तू बघून काय ते सांग. जे वाटेल ते स्पष्ट लिही. शिव्या घातल्यास तरी चालतील.

तुझा धाकटा


२३ ऑगस्ट

धाकट्या,

डबी मिळाली. मघापासून समोर घेऊन बसले आहे.

काय सांगू तुला? रंग जसाच्या तसा. तोच निळा, पाझरात उभा असल्यासारखा. वाळून इतका टिकलेला मी कधी पाहिला नव्हता. तुझ्या हातात हे कसब होतं आणि तू रस्ते झाडत बसलास. यांच्याकडे बघूनच मी संच पुरा करणार आहे.

माझा राग गेला. मी जास्तच लिहून बसले. तुझ्या काही अडचणी असतील, सगळ्याच काही बहिणीला सांगता येत नाहीत. यायचं म्हणून आता हटून बसत नाही. फूल इथे आलं, म्हणजे मी तिथे आले.

दोघं सुखात राहा.

तुझी ताई


२९ ऑगस्ट

वन्संना सादर नमस्कार.

पत्र माझ्या हातचं बघून दचकू नका. घरी सगळे धडधाकट आहेत आणि माझी बहीण कधी आजारी नव्हती. हे रोज लिहायला बसतात, दोन ओळी लिहितात आणि कागद चुलीत जातो. आजही तेच झालं. मी म्हटलं, द्या इकडे, तुमच्याने होणार नाही.

वन्सं, पाझर गेला.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर वरून हुकूम आला. वळणाचा रस्ता दरवर्षी खचत होता, एकदा दुधाची गाडी कलली. साहेब लोक आले, म्हणाले डोंगरातून पाणी मुरतंय, वरच्या अंगाला चर खणा आणि सगळं पाणी पाइपातून, रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे काढा. काम यांच्याच टोळीकडे आलं. यांनी सांगून बघितलं की थोडी जागा सोडू. पण ओलवण राहिली तर रस्ता राहत नाही, हे यांनाही कळत होतंच. महिनाभर खणत होते. यांनी स्वतः फावडं धरलं, मुकादमाने धरायची गरज नसताना. यंदा तिथे नुसतं कोरडं गवत उगवलंय. मे महिन्यात तुमचं पत्र आलं तेव्हा हे दुसरं पान हातात घेऊन ओट्याशी आले. म्हणाले, तिला कसं सांगू? मी म्हटलं, जसं मला सांगितलंत तसं. पण नाही. पाझर मेला आणि त्याला मीच पुरलं असं लिहू का, म्हणाले. म्हणून मग छप्पर पडलं आणि दरड आली.

आता डबीचं. ती फुलं पाणताऱ्याची नाहीत. रस्त्याकडेला पांढरी रानफुलं येतात ना पाच पाकळ्यांची, ती आहेत. यांनी त्यांना कपड्यांची नीळ लावली. माझी नवी बाटली संपवली आणि दाढीचा ब्रशही वाया घालवला. ओट्यावरचे डाग अजून निघत नाहीत. मी हसत होते. म्हटलं, अहो, जिने मला लग्नात आणलेल्या दोन निळ्या दोऱ्यांतला फरक दिव्याखाली सांगितला, तिला तुम्ही नीळ दाखवणार? हे म्हणाले, तेच हवंय. ती ओळखेल, मला शिव्या घालेल, विचारेल हा काय चावटपणा, मग मला सांगावंच लागेल. तिने विचारलं की तोंड उघडेल माझं.

आणि तुमचं पत्र आलं, रंग जसाच्या तसा म्हणून.

वन्सं, तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष नाही. तुमची सगळी पत्रं काढून ओळीने मांडली. मे महिन्यातलं अक्षर, जूनमधलं, आताचं. दर पत्राला अक्षर वाढत गेलंय. मला म्हणाले, पेनाचा दोष नाही गं हा.

तुमच्या डोळ्यांना काय झालंय? खरं सांगा. आमचं खोटं संपलं, आता तुमचंही संपू द्या.

तुमची वहिनी


१० सप्टेंबर

वहिनी,

पत्र मिळालं. तुझ्या अक्षरात आलं म्हणून वाचता आलं, तुझं गोल आणि सुटं असतं. धाकट्याचं म्हणजे मुंग्यांचं वारूळ. त्याची पत्रं वाचायला मला भिंग घेऊनही अख्खी दुपार लागते.

हे दोघांनी मिळून वाच.

डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू मोतीबिंदू नाही हा माझाच हलगर्जीपणा. एक वर्ष झालं. आधी रंग जातात, मग बाकीचं. निळा सगळ्यात आधी गेला. आता निळं मला करडं दिसतं, थेट आमच्या कच्च्या रंगासारखं. म्हणून तर इतके दिवस कोणाला पत्ता लागला नाही. रंगवताना निळं कोणालाच दिसत नसतं, तर मला दिसत नाही हे कोण सांगणार? माझा हात जाणतो. भट्टी उघडली की मी भट्टीवाल्या काकांना विचारायची, आलं का? ते म्हणायचे, आलं हो बाई, झकास आलं. मी ताटल्या रचून ठेवायची.

मे महिन्यात थोडं उरलं होतं. भर उन्हात, डोळ्यांच्या कडेने बघितलं तर निळ्याची चाहूल लागायची. डॉक्टर म्हणाले होते पावसाळाभर टिकेल कदाचित. मला वाटलं, जे उरलंय ते कुठे खर्च करावं? कारखान्यात, औषधांच्या चिठ्ठ्यांवर, की तिथे? संच हा बहाणा होता. मला एकदा शेवटचं बघून घ्यायचं होतं. धाकट्याला हे लिहिलं असतं तर तो मला पाठीवर घेऊन गेला असता. पण मग तो माझ्याकडे बघत बसला असता, फुलाकडे नाही. मला दया नको होती, बरोबर कोणीतरी फूल बघायला हवं होतं.

आता डबीबद्दल. धाकट्या, कान इकडे कर. मी पूर्ण फसले असं समजू नकोस. भिंगाखाली पहिलंच फूल घेतलं आणि कळलं की हा पाणतारा नव्हे. पाणताऱ्याच्या प्रत्येक पाकळीच्या तळाशी दोन ठिपके असतात, शेजारी शेजारी, भोवती बारीक झालर. एका फुलाला दहा. मी जन्मभर ते दहा ठिपके काढत आले, सगळ्यात बारीक कुंचल्याने, श्वास धरून. तू पेनाने प्रत्येक पाकळीला एकेक काढलास. पाच. जन्मापासून त्या फुलांतून ये-जा केलीस आणि दोन आहेत हे तुला कधी दिसलं नाही. तुझ्या या एकेक ठिपक्यावर मी खूप हसले आणि मग खूप रडले.

रंगाचं मात्र मला काहीच कळलं नाही. वाटलं, पाणतारे कुठे गेले असतील ते असो, पोराने दुसरं कुठलं तरी निळं फूल शोधून त्याला ठिपके काढून पाठवलं. एवढं केलंय तर मोडू नये त्याचं मन. आणि ठिपक्यांवरून बोलले असते तर तू रंगाचं विचारलं असतंस. म्हणून लिहून टाकलं, जसाच्या तसा. डबी उघडल्यावर साबणासारखा वास आला होता. तरी नीळ माझ्या डोक्यात आली नाही. ज्या बाईचं सगळं आयुष्य निळ्यात गेलं, तिला तुम्ही कपड्यांची नीळ दाखवलीत आणि तिने मान डोलावली. तुमच्यावर राग नाही रे. माझं मलाच फार वाईट वाटतंय.

संचाचं सांगायचं राहिलं. हॉटेलाने माल परत केला. अर्ध्या बशांवर निळा काळपट, काहींवर इतका पातळ की फूल आहे हे कळू नये. हातही चुकायला लागला होता, आणि काका झकास म्हणत राहिले. मालक त्यांच्यावर ओरडले तेव्हा मी तिथेच होते. म्हातारा खाली मान घालून म्हणाला, बाईंना कसं सांगणार? अगदी तुझेच शब्द, धाकट्या. मला कोणीच काही सांगत नाही. सगळे छान छान म्हणतात आणि मी रचून ठेवते.

पाझर गेला तो गेला. रस्ता खचून माणसं मेली असती तर पाणतारे कोणी बघितले असते? तू तुझं काम केलंस. पण तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. आपण दोघं मिळून रडलो असतो. एकट्याने करण्यासारखं ते काम नव्हतं.

ताई


१ ऑक्टोबर

ताई,

मोठ्या अक्षरात लिहितो आहे. वहिनीने एकेक ओळ मोजून दिली आहे, सुटं लिहा म्हणून पाठीशी उभी आहे.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी वळणावर गेलो. चराच्या काठाला बसलो. पाइपातून पाणी वाहिल्याचा आवाज येतो, दिसत काही नाही. हे पाणी मी वळवलं. तुला एकच पावसाळा उरला होता आणि तो मी छपरं गळवण्यात घालवला. तू ऑगस्टमध्ये आली असतीस तरी फूल नव्हतंच, असं मी मनाला सांगून बघितलं. पण दोन डोंगर पलीकडे, मेंढरांच्या वाटेवर, एखादा पाझर असेलही. शोधला असता तर सापडला असता. मला तेवढं सुचलं नाही. मला फक्त लपवायचं सुचलं.

तू इकडेच ये आता. कायमची. मागची खोली खरंच कोरडी आहे.

धाकटा


२२ ऑक्टोबर

धाकट्या,

आत्ता नाही. इथल्या वाटा पायांना पाठ आहेत, त्या सोडवत नाहीत. कारखान्याने पेटारे भरायच्या कामावर ठेवलंय, बशांमध्ये गवत घालायचं. त्याला डोळे लागत नाहीत.

आणि दोन डोंगर पलीकडचं मनात घोळवू नकोस. मला तो आपलाच हवा होता, आईचा.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

गेलं वर्षभर तुला दर महिन्याला पत्र घालतो, कोंबड्या आणि कठडे याशिवाय त्यात काही नसतं, हे कबूल. आज मात्र कोणाकडून तरी दोनदा वाचून घे.

काल मोरी साफ करायला खाली उतरलो. रस्त्याच्या खालच्या अंगाला, पाइपाचं तोंड उघडतं तिथे. चर खणला तेव्हा वरची सगळी माती आम्ही तिथेच लोटली होती, ढिगाने. गडी म्हणाले होते कुठे वाहून नेता, जाऊ दे खाली. त्या ढिगावर आता पाइपाचं पाणी पडतं आणि चिखल झालाय.

चिखलात एक पाणतारा उभा आहे.

एकच दांडी. वर चार फुलं उमललेली आणि काही कळ्या. मुळं त्या मातीत गेली असणार. गेल्या वर्षी काहीच वर आलं नव्हतं, मी बघितलं होतं. मेल्याचं सोंग घेतलं होतं. मी बूट काढले आणि अनवाणी जवळ गेलो. ताई, दोन आहेत. प्रत्येक पाकळीला दोन ठिपके, झालर आहे. मी गुडघ्यावर बसून सगळे मोजले. गड्यांना वाटलं माझं काही पडलं.

खुडलं नाही. टोळीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, इकडे फावडं लावायचं नाही. तू म्हणालीस तर मुळासकट काढून, मातीसकट, कुंडीत घालून मी स्वतः घेऊन येतो. सांग फक्त.

धाकटा


२५ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र मी पट्टी ठेवून लिहिते आहे. ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. कुठे ओळीवर ओळ चढली असेल तर समजून घे. तुझं पत्र भट्टीवाल्या काकांनी वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज जरा बसला, म्हणाले मोठ्या अक्षरांनी दम लागतो.

आता मला उजेड कळतो आणि माणसाची सावली कळते. डबी अजून उशाशी आहे. तिचा वास घेतला की वहिनीचा ओटा आठवतो.

कुंडी नको. मुळाला हात लावू नकोस. एकदा उपटून, लोटून, त्यावर पाणी सोडून ते जगलंय, आता त्याला शहर दाखवू नकोस.

मीच येते. काका आगारापर्यंत सोडतील, पुढे बस बंद नसेल असं धरते. तू थांब्यावर उभा राहा आणि आधी बोल, म्हणजे मी आवाजाकडे येईन. मोरीखाली उतरायला हात दे. चपला मी वरच काढीन. फुलाजवळ बसव आणि माझं बोट एका पाकळीवर ठेव. ठिपके बोटाला लागणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी ठेव.

मग तू शेजारी बस आणि निळं कसं आहे ते मला सांग. घाई करू नकोस. तू आजवर कधी नीट बघितलेलं नाहीस, तुला वेळ लागेल. आणि छान आहे म्हणू नकोस. आभाळाकडे झुकतं की शाईकडे, कडेला पातळ होतं का, ठिपक्याजवळ किती गडद होतं, ते सांग. असेल तसं सांग. या वेळी खोटं बोललास तर मला ओळखता येणार नाही.

तुझी ताई